दिगबोईत चहाच्या वेळेला दिवेलागण होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. देशात एकच वेळ हवी, ईशान्येकडच्यांना वेगळी वेळ दिली की उद्या ते वेगळं काहीतरी मागतील, आणि तिकडचे लोक चार वाजताच ऑफिस रिकामं करून घरी पळतात तो त्यांचा आळस आहे, त्यात घड्याळाचा काय दोष, असं एकंदर. मी पत्रबित्र लिहिणाऱ्यातली नाही. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाले, चुका काढायची सवय आहे पण ती पोरांच्या वह्यांतली. हे वाचून मात्र राहवेना, कारण मी राहते वेंगुर्ल्याला आणि माझी लेक राहते आसामात दिगबोईजवळच्या एका चहाच्या बागेत, जावई तिथे असिस्टंट मॅनेजर आहे, आणि गेली सहा वर्षं आमच्या घरात वेळ ह्या एकाच विषयावरून जेवढे घोळ झालेत तेवढे पैशावरूनसुद्धा झाले नसतील.

पहिल्यांदा गेले ती लेकीच्या बाळंतपणाला. खरं तर तीच इकडे यायची होती पण डॉक्टरने प्रवास नको सांगितलं, मग मीच निघाले, हे आणि मी दोघं, सोबत कोकम, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू. विमानाचं हे नको म्हणाले, तेव्हा मुंबईहून दिब्रुगडची गाडी पकडली. डिसेंबरचे पहिले दिवस होते. पहिल्या संध्याकाळी गाडी मध्य प्रदेशात होती आणि साडेपाच वाजून गेल्यावर अंधार पडला, म्हटलं ठीक आहे, थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी बिहारात पाच वाजताच बाहेर काही दिसेना. तिसऱ्या दिवशी गुवाहाटीच्या आसपास साडेचारला डब्यातले दिवे लागले आणि हे मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघायला लागले की बंद पडलं की काय. मी भूगोल शिकवलेला आहे हो. रेखांश, ४ मिनिटं, सगळं फळ्यावर लिहून दिलेलं आहे, पण ते खिडकीतून असं रोज थोडं थोडं पुढे सरकताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं काय शिकवत होते.

दिगबोई तसं छोटंसं गाव आहे. १९०१ पासून तिथे तेलाची रिफायनरी चालू आहे, आशियातली सगळ्यात जुनी म्हणतात, टेकड्यांवर इंग्रजांनी बांधलेले बंगले, आणि गावाबाहेर पडलं की चहाच चहा. वेंगुर्ल्यासारखंच, सगळे सगळ्यांना ओळखतात, बाजारात गेलं की चार जण विचारतात कुठे चाललात. फरक एवढाच की समुद्र नाही आणि दिवस वेगळ्याच वेळी सुरू होतो.

तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी जेवले, भांडीकुंडी आवरली, दोन वाजले असतील. प्रवासाचा शीण होता म्हणून जरा आडवी झाले. आमच्याकडे वामकुक्षी म्हणजे तासभर, उठायचं, चार वाजता चहा टाकायचा, मग परड्यात पाणी घालायचं, माडांखाली झाडायचं, मग हळूहळू संध्याकाळ. मी उठले तर खोलीत मिट्ट काळोख. धडपडत दिवा लावला. मला वाटलं मी रात्री नऊपर्यंत झोपले, लेक आत अवघडलेली आणि आपण हे काय केलं, म्हणून ओरडतच स्वयंपाकघरात गेले, तर लेक आरामात चहा गाळत उभी. मोबाईलमध्ये पावणेपाच. तिथे त्या दिवसांत सूर्य सव्वाचारच्या आसपास बुडतो! म्हणजे आपल्या चहाच्या वेळेला तिकडे दिवेलागण. देवापुढे निरांजन लावायला घेतलं तर हे म्हणाले आधी चहा की आधी शुभंकरोति ते ठरव एकदा.

आता पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मी एवढंच विचारते की वेंगुर्ल्यात त्याच दिवशी सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, आणि आमच्या तालुक्याच्या कचेरीत साडेसहाला किती टेबलांवर माणसं असतात ते त्यांनी येऊन मोजावं. अंधार पडला की माणूस घरी जातो. त्यांचा अंधार चार वाजता पडतो.

बरं हा थंडीचा हिशोब झाला. दुसऱ्यांदा गेले ती जूनमध्ये, तेव्हा उलट. पहाटे सव्वाचारला सूर्य वर! पडद्याच्या फटीतून ऊन तोंडावर, कावळे, पक्षी, कोंबडे सगळ्यांचा कालवा, साडेचारला नातू उठून बसलेला. घड्याळात बघितलं तर आमच्या वेंगुर्ल्यात अजून दूधवाला पण उठला नसणार, आमच्याकडे जूनमध्ये उजाडायला सहा वाजतात. आणि हे सगळं ऊन तिथे फुकट जातं, कारण बँक उघडणार दहा वाजता. दहा! तोपर्यंत सूर्य उगवून पावणेसहा तास झालेले असतात, आणि तासाभरात मध्यान्ह, कारण तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही तर अकरा वाजून सात-आठ मिनिटांनी. आमच्याकडे तोच बारा पस्तीसला.

म्हणून चहावाल्यांनी काय केलं, तर सरकारी घड्याळाचा नाद सोडून आपलं घड्याळ एक तास पुढे लावलं. ह्याला बागान टाइम म्हणतात. इंग्रज मळेवाल्यांच्या काळापासून चालत आलंय आणि आजही बागेत चालतं. सकाळी सातला काम म्हणजे आपल्या घड्याळात सहाला. लेकीच्या बंगल्यात व्हरांड्यातलं भिंतीवरचं घड्याळ बागान टाइम दाखवतं, मोबाईल आपोआप दिल्लीचा टाइम दाखवतो, आणि मायक्रोवेव्हवरचं घड्याळ लाइट गेली की शून्यावर जातं ते कोणीच लावत नाही. मी विचारलं की खरं कुठलं, तर जावई म्हणाला "आई, तुम्हाला कुठे जायचंय त्याच्यावर आहे." बागेत जायचं तर भिंतीवरचं, स्टेशनला जायचं तर मोबाईलचं.

ह्यातून एकदा फजिती झाली. डॉक्टरकडे जायचं होतं, गाडी किती वाजता तर ड्रायव्हर म्हणाला छे बजे. मी मोबाईलवर साडेपाचचा गजर लावून झोपले. पहाटे पाचला हॉर्न. मी नऊवारीत असते तर निदान पटकन निऱ्या घालून झाल्या असत्या, इथे गाऊनवर स्वेटर, डोक्याला टापशी, आणि तो बाहेर गाडी चालू ठेवून उभा. चूक त्याची नव्हती, त्याचे सहाच वाजले होते. त्यानंतर मी प्रत्येक वेळी विचारायची, कौन सा टाइम, आणि स्वयंपाकघरातल्या बायका हसायच्या.

त्या बायकांबद्दल जरा लिहिते, पेपरात त्यांच्याबद्दल कोण लिहितं. बागेतले बहुतेक मजूर मूळचे आसामी नाहीत, त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना झारखंड, ओडिशा, छत्तीसगड असं कुठून कुठून इंग्रजांनी आणलं, आता त्यांची आपसातली एक वेगळीच बोली झाली आहे. मला ती पहिले पंधरा दिवस एक शब्द कळली नाही आणि मग हळूहळू कळायला लागली. एक शब्द ऐकून मात्र मी चमकले होते. थंडीत पानं खुडायचं काम बंद असतं, तेव्हा झुडपं छाटतात, त्याला ते कलम म्हणतात. मी म्हटलं अगबाई इथे कसली कलमं, आमच्याकडे कलम म्हणजे हापूसचं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूची कलमं लोक कुठून कुठून येऊन नेतात. इथे कलम म्हणजे कापणं. तोच शब्द, आम्ही जोडतो ते तोडतात. असो, विषय वेळेचा.

तर बागान टाइम हा काही मजुरांवर उपकार म्हणून आलेला नाही हे पण सांगते, नाहीतर लोकांना वाटेल किती छान. मळेवाल्यांना उजेडाचे तास जास्त मिळावेत, पानं जास्त खुडली जावीत, म्हणून ते आलं. पण एक आहे, त्यामुळे बाईमाणसं काम आटपून उजेडात घरी पोचतात. थंडीत बागेतला चारचा भोंगा म्हणजे आपले तीन, तिथून घरी जाऊन लाकूडफाटा, पाणी, पोरांचं बघणं होईस्तोवर अंधार. तेच गावातली शाळामास्तरीण किंवा पोस्टातली मुलगी सरकारी घड्याळाने पाचला सुटते ती अंधारातच घरी जाते. एकाच रस्त्यावरून.

आणि हे बागान टाइम बेकायदा चालत आलं असं पण समजू नका. मळ्यांतल्या कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९५१ चा कायदा होता त्याच्यात तिसऱ्याच कलमात (हे तिसरं कलम, आंबा नाही, छाटणी नाही) लिहिलेलं होतं की वेळ म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, पण जिथे ती पाळत नाहीत तिथे राज्य सरकारला स्थानिक वेळ ठरवून देता येते. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात पण तसंच होतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळत होतं.

आता थोडं गणित. मी वर्गात संत्रं आणि टॉर्च घेऊन शिकवायची, इथे कागदावरच सांगते. वेंगुर्ला साधारण ७३.६ अंश पूर्व रेखांशावर, दिगबोई ९५.६. फरक २२ अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ८८ मिनिटं, जवळजवळ दीड तास. आपलं सगळ्यांचं घड्याळ लावलंय ते मधल्या ८२.५ अंशावर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते ती रेघ. त्यामुळे आम्ही सूर्याच्या हिशोबाने साधारण ३५ मिनिटं मागे आणि लेक ५२ मिनिटं पुढे. पण मग जूनमध्ये सूर्योदयात फरक दीड तास न पडता पावणेदोनच्या वर का पडतो, आणि जूनमधल्याच सूर्यास्तात तासाभराचाच का? कारण दिगबोई नुसतं पूर्वेला नाही तर बरंच उत्तरेलाही आहे, तिथला उन्हाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा पाऊण तास लांब आणि थंडीतला तेवढाच आखूड. म्हणून उन्हाळ्यात त्यांची सकाळ फारच लवकर आणि थंडीत त्यांची संध्याकाळ फारच लवकर, दोन्ही बाजूंनी मार. हे मी ह्यांना समजावत होते तर हे म्हणाले तू आता रिटायर झालीस.

पण ह्याच कागदावर मला एक गंमत सापडली आणि खरं सांगायचं तर ती सांगायलाच हे पत्र लिहितेय. लेकीच्या व्हरांड्यातलं घड्याळ घ्या, एक तास पुढचं. २१ डिसेंबरला तिच्याकडे सूर्य उगवतो सरकारी टाइमने ५:५३ ला, म्हणजे बागान टाइमने ६:५३. त्याच दिवशी वेंगुर्ल्यात उगवतो ६:५८ ला. २१ जूनला तिच्याकडे मावळतो सरकारी ६:०५, बागान ७:०५. वेंगुर्ल्यात ७:०९. बघा! म्हणजे तिचं ते वेगळं घड्याळच आमच्याशी जास्त जुळतं. देश एक करायला एकच घड्याळ हवं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे जरा शेजारीशेजारी ठेवून बघावेत. काट्याने एक व्हायचंय की उजाडण्याने, ते ठरवा.

वेगळ्या वेळेने देश फुटतो हे तर मुंबईवाल्यांनी बोलूच नये. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर कोणी केली तर मुंबईने. मुंबईचा आपला टाइम होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो शहरात जवळपास १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालूच होता. कलकत्त्याने पण आपला टाइम १९४८ पर्यंत सोडला नव्हता. आमच्या माहेरी ट्रंकेत जुन्या लग्नपत्रिका आहेत, त्यात मुहूर्तापुढे स्टँ. टा. असं छापलेलं असायचं, म्हणजे स्टँडर्ड टाइम, कारण नाहीतर वऱ्हाडी मुंबई टाइमने यायचे आणि अक्षता संपलेल्या असायच्या. शिवाय महायुद्धात १९४२ पासून ४५ पर्यंत सरकारने सगळीच घड्याळं एक तास पुढे नेली होती, आजी त्याला लढाईचा टाइम म्हणायची. देश काही फुटला नाही त्याने. जो फुटला तो वेगळ्याच कारणाने फुटला.

आणि आजूबाजूला बघा ना. ढाका दिगबोईच्या पश्चिमेला आहे, पाच अंश, पण ढाक्याचं घड्याळ दिगबोईच्या अर्धा तास पुढे! भूतानचं पण तसंच. पटकाईचे डोंगर ओलांडून म्यानमारमध्ये गेलं की एक तास पुढे, म्हणजे बरोबर बागान टाइम. मधल्यामध्ये आपले आसामवालेच मिर्झापूरच्या रेघेला बांधलेले.

पत्रिकेवरून आठवलं. नातू झाला तो डिसेंबरात पहाटे. जावयाने मनगटावर बघितलं, चार वाजून दहा मिनिटं, मला सांगितलं, मी वेंगुर्ल्याला फोन करून आमच्या भटजींना सांगितलं. त्यांनी पत्रिका केली, वृश्चिक लग्न, स्वभाव तापट, वगैरे. दहा दिवसांनी हॉस्पिटलचा कागद हातात आला त्याच्यावर तीन वाजून दहा. जावयाचं घड्याळ बागान टाइमवर! परत भटजींना फोन. ते म्हणाले, "बाई, ह्यो बागान टाइम म्हणजे कसलो? पंचांगात तो खंय नाय." मग मी त्यांना रेखांश सांगितला, कागदावरची वेळ सांगितली, आणि पोराचं लग्न तूळ झालं. स्वभाव एकदम शांत. माझा ह्या सगळ्यावर फार विश्वास आहे असं नाही पण जाऊबाईंचा आहे, आणि पोरगा हातपाय आपटून रडायला लागला की त्या अजून म्हणतात, बघ, पहिली पत्रिकाच खरी होती.

मागण्या तिकडे आजच्या नाहीत. सिनेदिग्दर्शक जाह्नू बरुआ कितीतरी वर्षं ह्याच्यासाठी बोलत आलेत. २०१४ मध्ये तरुण गोगोई मुख्यमंत्री असताना त्यांनी जाहीर केलं होतं की बागान टाइम राज्यभर लावू, ते काही झालं नाही. २०१७ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू बोलले. २०१८ मध्ये तर दिल्लीच्या ज्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाचं घड्याळ सांभाळतात त्यांच्याच शास्त्रज्ञांनी लेख लिहिला की दोन वेळा करता येतील, आसाम आणि पश्चिम बंगालच्या हद्दीवर रेघ ओढा, रेल्वेचे काटे बदलायला न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार अशी दोनच स्टेशनं लागतील, आणि वर्षाला २ कोटी युनिट वीज वाचेल. म्हणजे रेल्वेत गोंधळ होईल, अपघात होतील ही जी भीती त्या पत्रात घातली आहे त्याच्यावर विचार झालेला आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला त्यात उलट, सरकारी आणि व्यापारी कामाला प्रमाणवेळेशिवाय दुसरी कुठलीही वेळ वापरायची नाही. एक देश एक वेळ. सर्व्हर, बँका, टेलिकॉम ह्यांची घड्याळं सेकंदाच्या हिशोबात एकसारखी असावीत हे मला मान्य आहे, ते हवंच, पण मग व्हरांड्यातल्या घड्याळाचं काय, ते काढून ठेवायचं का? चहा हा व्यापारच आहे की.

दुसरा एक तोडगा मधेमधे येतो तो म्हणजे सगळ्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करा, वीज खूप वाचेल, असं बंगळुरूच्या संशोधकांचं म्हणणं होतं. ह्याला मात्र माझा, आणि मला वाटतं अख्ख्या कोकणाचा, विरोध असायला हवा. का ते सांगते. जानेवारीत वेंगुर्ल्यात सूर्य सात वाजून पाच मिनिटांनंतर उगवतो. मी सकाळच्या शाळेवर होते तेव्हा शाळा सात वीसला भरायची. वाडीवरची पोरं सहा-सव्वासहाला घरातून निघायची, हातात बॅटरी, धुकं, पायवाटेला कुत्री, आणि एसटी आली तर आली. पहिल्या तासाला दुसरीतली पोरं बाकावर डोकं ठेवून झोपायची आणि मी त्यांना उठवत नसे, हेडमास्तरांनी दोनदा बोलून दाखवलं तरी. झोपणार नाहीत तर काय करतील, रात्री त्यांना लवकर झोप येत नाही कारण इकडे संध्याकाळ लांब, उन्हाळ्यात सव्वासातपर्यंत उजेड, त्यात आमच्याकडे जत्रांचे दिवस आले की दशावतार, तो तर सुरूच होतो मध्यरात्री आणि संपतो झुंजुमुंजु झालं की. (तिकडे आसामात पण संत शंकरदेवांच्या परंपरेतलं भाओना नावाचं नाटक असंच रात्रभर चालतं, मी एकदा बघायला गेले आणि राक्षस आला तेव्हा आमच्या संकासुराची आठवण झाली, पण तिथली पोरं संध्याकाळी झोप काढून येतात.) एका संशोधकाने भारतातल्या मुलांच्या झोपेवर काम केलंय, त्याचं सांगणं हेच की सूर्य उशिरा मावळतो तिथे मुलं उशिरा झोपतात पण शाळेला उठायची वेळ मात्र तीच, म्हणजे तेवढी झोप कमी, आणि त्याचा शिक्षणावर परिणाम. हे मला बाकावरच्या त्या डोक्यांकडे बघून माहीत होतं.

म्हणजे एका घड्याळाचा त्रास फक्त आसामला नाही हो, आम्हाला पण आहे, फक्त आमचा पहाटेचा आहे म्हणून कोणाला दिसत नाही. त्यांची संध्याकाळ जाते, आमच्या पोरांची झोप जाते. अर्धा तास पुढे केलं तर त्यांना थोडा आराम आणि आमच्याकडे जानेवारीत उजाडणार साडेसातनंतर.

पण बघा, आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने काय केलं? घड्याळाला हात लावला? नाही. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला. राज्यपालांनी मुलांची झोप होत नाही म्हणून सुचवलं होतं त्यावरून. मी रिटायर झाल्यावर झालं ते, पण झालं. स्कूलबसवाले ओरडले, दुपारच्या पाळीचं काय म्हणून संस्थावाले ओरडले, ते आपलं नेहमीचं. मुद्दा असा की उजेड बघून वेळ ठरवता येते, त्याला दिल्लीचं घड्याळ फोडावं लागत नाही.

मग माझं म्हणणं सरळ आहे. आसामला एक तास पुढचं घड्याळ द्यायचं तर द्या, आम्हाला काही त्रास नाही, बाळंतपणाच्या वेळी पण आम्ही सांभाळून घेतलंच. ते नसेल द्यायचं तर निदान शाळा, बँक, पोस्ट, कचेऱ्या ह्यांच्या वेळा तिथल्या जिल्ह्यांना आपल्या आपण ठरवू द्या, दिगबोईच्या बँकेने आठला उघडून तीनला बंद करावं, वेंगुर्ल्यातल्या बँकेने साडेदहाला उघडलं तरी चालेल, तशीही ती खऱ्या अर्थाने तेव्हाच उघडते. आणि काहीही केलं तरी तो बागान टाइम नियम काढून मोडू नका, दुसरं काही हातात देत नाही तोवर तरी. चार वाजता घरी जाणाऱ्याला आळशी म्हणायच्या आधी त्या गृहस्थांनी डिसेंबरात एकदा जाऊन यावं, मी लेकीला सांगून राहायची सोय करते, फक्त दुपारी झोपू नये.

आमचा फोन अजून जुळत नाही नीट. माझी कामं आटपून, मालिका संपून मी नऊला फोन करते तेव्हा त्यांच्या व्हरांड्यात दहा वाजलेले असतात आणि सगळे गाढ झोपेत. ती पहाटे पाचला करते तेव्हा इकडे काळोख, आणि हे दचकून उठतात की एवढ्या पहाटे फोन म्हणजे कोण गेलं. शेवटी साडेसातचं ठरलंय, संध्याकाळचं. जूनमध्ये मी अंगणात वाळत घातलेलं आगोट (पावसाळ्याची बेगमी) काढत असते शेवटच्या उजेडात आणि ती जेवून, नातवाला थोपटत, हळू आवाजात बोलत असते. तिच्याकडे काळोख होऊन तास उलटून गेलेला. नातू विचारतो, आजीकडे अजून ऊन आहे? मी फोन समुद्राच्या बाजूला वळवून दाखवते.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला

ता. क. — कोणी आसामात चहाच्या बागेत फिरायला जाणार असेल तर गाडीवाल्याशी वेळ ठरवताना बागान टाइम की घड्याळाचा टाइम हे आधी विचारून घ्या. आणि बागेत जेवायला बोलावलं असेल तर त्यांच्या टाइमने जा. मी एकदा आपल्या टाइमने गेले, भात थंड झाला होता.